टेक्नो, डीजे मिक्स आणि नवं इलेक्ट्रॉनिक संगीत: माग कसा ठेवता?

रातवा

टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नाचाच्या संगीताचा, विषय निघाला की समोरून हमखास मागणी येते, "एखादं चांगलं गाणं सुचव ना." मला ते सुचवता येत नाही. आवडते ट्रॅक शेकडो आहेत, पण त्यातला एखादा सुटा काढून ऐकवला की ऐकणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. पहिलं मिनिट नुसती किक (खालचा जड ठोका) आणि हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज), शेवटचं मिनिटही तसंच, मधे चार-पाच मिनिटं एकच लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. हे ट्रॅक बनवतानाच दुसऱ्या ट्रॅकला जोडायचे म्हणून बनवलेले असतात. दोन्ही टोकांचा मोकळा भाग डीजेच्या सोयीसाठी ठेवलेला असतो. त्यामुळे या संगीतातली पूर्ण कृती मी सेटलाच, म्हणजे डीजेने ट्रॅक सलग जोडून वाजवलेल्या कार्यक्रमालाच मानतो. तासाभराचा असो, तीन तासांचा असो, नाहीतर अख्ख्या रात्रीचा.

उदाहरण द्यायचं तर डेट्रॉइटचा डीजे जेफ मिल्सचा टोकियोतल्या लिक्विड रूम क्लबमधला सेट. ऑक्टोबर १९९५ मध्ये रेकॉर्ड झाला आणि पुढच्या वर्षी सीडीवर आला. तासाभराहून थोडा जास्त, आणि तेवढ्यात तीसच्या वर ट्रॅक. तीन टर्नटेबलं सतत चालू. एखादा ट्रॅक दीड मिनिटही टिकत नाही, तोवर पुढचा त्याच्या अंगावर चढलेला असतो. घाईतल्या जोडण्यांचे ओरखडे, किंचित घसरलेला वेग, सगळं तसंच ठेवलंय. स्टुडिओत बसून ते सहज साफ करता आलं असतं. केलं नाही हे फार बरं झालं, कारण त्या ओरखड्यांमुळेच तिथे एक माणूस दोन हातांनी हे सगळं सांभाळतोय हे कानाला कळतं.

जोडणी कशी होते हे एकदा लक्षात आलं की ऐकणं बदलतं. हेडफोनवर पुढचा ट्रॅक लावून डीजे त्याचा वेग चालू ट्रॅकशी जुळवतो. मग मिक्सरवर येणाऱ्या ट्रॅकचा बेस पूर्ण खाली ठेवून फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर घेतो. आपल्याला आधी ऐकू येते ती फक्त एक जास्तीची हाय-हॅट. खोलीत काहीतरी बदललंय असं वाटतं, काय ते सांगता येत नाही. आठ किंवा सोळा बारांचं (एक बार म्हणजे चार ठोके) आवर्तन पुरं झालं की समेवर एका हाताने जुन्याचा बेस खाली, दुसऱ्या हाताने नव्याचा बेस वर. जमीन बदलते आणि वरचं छप्पर अजून जुन्याचंच असतं. चांगला डीजे या अवस्थेत दोन-दोन मिनिटं राहतो. तिथे जे वाजत असतं ते दोन्ही संगीतकारांपैकी कुणीच लिहिलेलं नसतं. माझा सगळा जीव त्या दोन मिनिटांत आहे.

माझी माग ठेवायची पद्धत अशी: एक मिक्स, म्हणजे रेकॉर्ड केलेला सेट, निवडायचा आणि तो आठवडाभर ऐकायचा. जो ट्रॅक डोक्यात राहील त्याचं नाव शोधायचं, नावावरून लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी), लेबलवरून त्याच लेबलचे जुने रेकॉर्ड. डिस्कॉग्ज ही रेकॉर्डच्या माहितीची साइट २००० पासून नेमकं याच कामाला आहे. एका रेकॉर्डच्या पानावरून मास्टरिंग कुणी केलं, बी-साइडला काय आहे, त्याच माणसाने दुसऱ्या कुठल्या नावाने काय काढलंय, सगळं सापडतं. याद्या आणि 'या महिन्याचे टॉप शंभर' मी बघत नाही. त्यातून कळतं ते काय खपतंय एवढंच.

तुम्ही कसं करता? कुठल्या मिक्स मालिका ऐकता? नवं कुठून सापडतं?

---

तबकडी

फार छान सुरुवात. मी रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी, तेव्हा त्या बाजूने लिहिते.

माझा मार्ग दुकानांमधून जातो. बर्लिनचं हार्ड वॅक्स हे दुकान १९८९ मध्ये मार्क अर्नेस्टसने सुरू केलं. त्यांच्या यादीत प्रत्येक रेकॉर्डखाली जेमतेम एक ओळ असते: कुठल्या जातीचा आवाज आहे आणि त्यांना आवडला की नाही. जाहिरात नाही, कलाकाराचं चरित्र नाही. ती एक ओळ वाचून रेकॉर्ड मागवायची सवय लागली की कान आपोआप तयार होतो, कारण ती ओळ लिहिणाऱ्याशी आपण मनातल्या मनात सहमत किंवा असहमत होत जातो.

त्याच दुकानातून बेसिक चॅनल हे लेबल आलं. अर्नेस्टस आणि मोरित्झ फॉन ओसवाल्ड, १९९३ पासून पुढची दोनेक वर्षं, मोजकेच रेकॉर्ड. लेबलवर माहिती जवळपास नाही आणि अक्षरंही वाचता येणार नाहीत अशी विरलेली. संगीतही तसंच. एक कॉर्ड, तिचा प्रतिध्वनी, त्या प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी, खाली किक एवढी मऊ की भिंतीपलीकडून यावी. पुढे ज्याला डब टेक्नो म्हणू लागले त्याचं मूळ हे. जमैकन डबमधली रिव्हर्ब (घुमारा) आणि डिलेची (उशिरा परतणारा आवाज) समज त्यांनी टेक्नोत आणली. कॉर्ड बदलत नाही, तिच्या भोवतीची खोली बदलते.

रातवा, तुम्ही टर्नटेबलांचा उल्लेख केलात म्हणून एक जोडते. टेक्निक्स १२०० हे यंत्र १९७२ मध्ये आलं तेव्हा घरगुती हाय-फायसाठीच होतं. १९७९ च्या एमके-२ या आवृत्तीत पिचची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची, उभी पट्टी आली आणि डीजेंनी ते आपलंसं केलं. त्याच्या थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात आणि त्यांच्यावर छोटा लाल दिवा. थाळी अचूक वेगाने फिरत असली की एका ओळीतले ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. वेग किंचित वाढला की ते हळूच सरकायला लागतात. वेग जुळवताना डीजे बोटाचं टोक थाळीच्या त्याच कडेला नुसतं टेकवतो आणि क्षणभर वेग खातो. सेट ऐकताना किका कुठे एकमेकींपासून सुटू लागल्या आणि परत जागेवर आल्या असं जाणवलं तर समजा, त्या क्षणी कुणाचं तरी बोट तिथे टेकलं होतं.

---

केतकी_प

धागा वाचतेय, पण प्रामाणिक प्रश्न विचारते. मला हे सगळं एकसारखंच ऐकू येतं. धाड धाड धाड. तुम्ही दोघं ज्या सूक्ष्म गोष्टी लिहिताय त्या ऐकू येण्यासाठी काय करावं? आवड नाही असं नाही, उलट त्या ठेक्यात काहीतरी ओढून घेणारं आहे. पण दहा मिनिटांनी लक्ष उडतं.

---

रातवा

@केतकी_प, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देता येतं.

किक ऐकू नका. ती जमिनीसारखी आहे, तिथे राहणारच. सुरुवातीला एकच गोष्ट पकडा, समजा हाय-हॅट. ती किकच्या मधल्या जागी पडतेय का, अगदी मधोमध की जराशी उशिरा, बंद आवाजाची आहे की उघडी. पाच मिनिटं फक्त तिच्यामागे जा. मग ती सोडून टाळी पकडा, मग बेस. टेक्नोतली बहुतेक यंत्रं सोळा पायऱ्यांच्या सिक्वेन्सरवर (आवाज ठरलेल्या क्रमाने वाजवणाऱ्या भागावर) चालतात, म्हणजे एका बारात सोळा जागा आणि प्रत्येक जागी आवाज आहे किंवा नाही. किक पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या जागी. उरलेल्या बारा जागांवर सगळी रचना उभी राहते. एखादी स्वराकृती तेरा किंवा पंधरा पायऱ्यांची केली की ती प्रत्येक बारमध्ये थोडी सरकते आणि बऱ्याच वेळाने पुन्हा किकसोबत समेवर येते. लूप तोच, पण किकशी त्याचं नातं सतत बदलत असतं. ते सरकणं ऐकू यायला लागलं की 'एकसारखं' वाटणं थांबतं.

रॉबर्ट हूडने १९९४ मध्ये काढलेला 'मिनिमल नेशन' यासाठी उत्तम. त्यात दोन-तीन आवाजांपलीकडे फारसं काही नाही, त्यामुळे लपायला जागाच नाही. फिल्टर (आवाजाचा वरचा किंवा खालचा भाग गाळणारी सोय) अर्धा मिलिमीटर उघडला तरी ऐकू येतो.

आणि दहा मिनिटांनी लक्ष उडालं तर उडू द्या. मिक्स बंद करू नका. हातातलं काम करत राहा. विसाव्या मिनिटाला तुमचं लक्ष आपोआप परत जाईल. ते कशामुळे गेलं हे तेव्हा शोधा, तिथेच काहीतरी घडलेलं असतं.

---

दीडशे_बीपीएम

धागा आवडला, पण सूर जरा जुन्याकडे झुकतोय असं वाटलं म्हणून लिहितो.

मी या संगीतात व्हिडिओतून आलो. डीजेंचे सेट ऑनलाइन दाखवणारं बॉयलर रूम २०१० मध्ये लंडनला एका वेबकॅमपासून सुरू झालं. बर्लिनचं ह्योर हे तसंच चॅनल २०१९ पासून, टाइल्स लावलेल्या छोट्या खोलीत एक कॅमेरा आणि एक डीजे. तासाभरात कळतं की हात नेमका काय करतोय. तबकडी ज्या बोटाबद्दल लिहितात ते मी व्हिडिओतच पाहिलं. क्लबच्या दारात उभं राहण्याची ऐपत किंवा संधी जगातल्या बहुतेकांना नाही. त्यांच्यासाठी हे सेट हीच शाळा आहे.

दुसरं, वेगाबद्दल. गेल्या काही वर्षांत सेट १४५, १५० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) वर गेले आणि जुने श्रोते नाक मुरडतात. पण टेक्नो कधी एका वेगाचा होता? लिक्विड रूमचा तो सेटही हळू नाही. नव्वदच्या दशकात रॉटरडॅमचा गॅबर हा टेक्नोचा प्रकार याहून कितीतरी वेगात होता. वेग हा काही दोष नाही.

---

तबकडी

@दीडशे_बीपीएम, वेगाबाबत तुमचं म्हणणं मान्य. माझी तक्रार वेगाशी नाहीच.

तक्रार आहे ती तीस सेकंदांच्या तुकड्यांशी. सबंध तासाचा व्हिडिओ वेगळा, त्यातून शिकता येतं हे खरंच. पण हल्ली फिरतात ते तुकडे. ज्या क्षणी बेस थांबतो, लोक हात वर करतात आणि किक परत येते तेवढाच तुकडा. मग ज्याचे असे तुकडे जास्त, त्याला बोलावणी जास्त. परिणाम सेटवर होतो. दर तीन मिनिटांनी थांबा, दर तीन मिनिटांनी स्फोट. वॉर्म-अप नावाची जी कला आहे ती यात मरते. रात्रीचा पहिला डीजे खोली अर्धी रिकामी असताना वाजवतो. त्याने मुद्दाम कमी द्यायचं असतं. पुढच्यासाठी जागा ठेवायची, आवाज कमी, ट्रॅक लांब, मोठी धून हातात असूनही पेटीतच ठेवायची. या संयमाचा तुकडा कुणी कापून पाठवत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की रेसिडेंट डीजेंना ऐका. जो माणूस वर्षानुवर्षं एकाच खोलीत वाजवतो त्याला ती खोली कधी काय मागते हे माहीत असतं. बाहेरून येणारा मोठा पाहुणा दोन तासांत आपलं उत्तम ते देऊन जातो. रात्र घडवतो तो रेसिडेंट.

---

दीडशे_बीपीएम

तुकड्यांबद्दल पटलं. वॉर्म-अपचे सेट रेकॉर्ड होऊन क्वचितच बाहेर येतात ही खरी अडचण. कुणाकडे चांगले असतील तर नावं द्या, मनापासून ऐकेन.

---

अनाहत

या संगीतासोबत 'अंडरग्राउंड' हा शब्द येतोच, तर त्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो. नुसता अंधार आणि गुप्त पत्ता म्हणजे अंडरग्राउंड एवढ्यावर विषय संपत नाही.

मुळापासून पाहू. डेट्रॉइट आणि त्याच्या जवळचं बेलव्हिल. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय मुलं एकाच शाळेतली. रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाने कार्यक्रम करणारा निवेदक क्राफ्टवेर्क, फंकाडेलिक आणि प्रिन्स एकापाठोपाठ एक लावायचा. गाडीच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं शहर तेव्हा रिकामं होत चाललं होतं. ॲटकिन्सने आधी सायबोट्रॉन या गटातून आणि मग १९८५ पासून मॉडेल ५०० या नावाने स्वतःच्या मेट्रोप्लेक्स लेबलवर रेकॉर्ड काढले. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या संगीताचा एक संग्रह निघाला आणि त्याच्या शीर्षकामुळे 'टेक्नो' हे नाव जगभर गेलं. आज टेक्नो म्हटलं की लोकांना फक्त बर्लिन आठवतं. बर्लिनचं श्रेय मोठं आहे, पण ट्रेझर क्लबने मार्च १९९१ मध्ये जुन्या वेर्टहाइम दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीत दार उघडलं तेव्हा तिथे वाजत होतं ते बरंचसं डेट्रॉइटचं होतं, आणि डेट्रॉइटचे कलाकार स्वतः तिथे जात होते. हे सांगितल्याशिवाय हा इतिहास सांगूच नये, इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं.

माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी सुरू केलेल्या डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या लेबलने तर ही भूमिकाच घेतली. चेहरे झाकलेले, मुलाखती कमी, वितरण स्वतःचं. १९९९ मध्ये त्यांच्या डीजे रोलँडोच्या 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' या ट्रॅकची सोनीच्या जर्मन शाखेने परवानगी नसताना स्वरन्‌स्वर नक्कल करून घेतली. जगभरच्या श्रोत्यांनी ईमेलांचा असा मारा केला की सोनीला माघार घ्यावी लागली. मोठ्या कंपनीपुढे एक छोटं लेबल टिकलं ते श्रोत्यांच्या जोरावर.

कायद्याची गोष्टही याच ओघात. मे १९९२ मध्ये इंग्लंडच्या कॅसलमॉर्टन कॉमन या माळावर विनापरवाना रेव्हसाठी (उघड्यावरच्या नाचाच्या पार्टीसाठी) वीस हजारांच्या वर लोक जमले, कित्येक दिवस संगीत चाललं. त्यानंतर १९९४ चा फौजदारी न्याय कायदा आला. त्याच्या ६३ व्या कलमात 'संगीत' या शब्दाची व्याप्ती सांगताना 'एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके' हे शब्द आहेत. एका देशाच्या संसदेने ठेक्याची पुनरावृत्ती कायद्यात लिहिली! ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी 'अँटी' नावाचा रेकॉर्ड काढला आणि त्यातला एक ट्रॅक असा रचला की त्यातले कुठलेही दोन बार सारखे नाहीत, म्हणजे तो या व्याख्येत बसू नये. २०२२ मध्ये इटलीनेही विनापरवाना रेव्हविरुद्ध कायदा केला, आयोजकांना सहा वर्षांपर्यंतची कैद.

आणि जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. तिथला बासियानी हा क्लब फुटबॉल स्टेडियमच्या पोटातल्या जुन्या जलतरण तलावात आहे. नाचायची जागा म्हणजे तलावाचा कोरडा तळ. १२ मे २०१८ च्या पहाटे सशस्त्र पोलिसांनी त्यावर छापा घातला. त्यानंतर हजारो तरुण संसदेसमोर जमले, तिथे स्पीकर आणले आणि रस्त्यावर नाचले. जॉर्जियात ज्यांना आपल्या आवडीनिवडीमुळे, लैंगिकतेमुळे बाहेर मोकळं वावरता येत नाही त्यांच्यासाठी ती जागा काय होती, हे त्या गर्दीने दाखवलं.

माझ्या लेखी अंडरग्राउंड म्हणजे कुणासाठी तरी अत्यंत गरजेची असलेली जागा. ती लोकप्रिय झाली म्हणून लगेच खोटी होत नाही. ज्यांच्यासाठी होती त्यांनाच तिथून बाहेर व्हावं लागलं की मात्र होते.

---

मृदा

अनाहत, शेवटचं वाक्य पटलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

बाई म्हणून एक गोष्ट मांडते. एखाद्या पार्टीबद्दल मी पहिल्यांदा पाहते ते लाइनअप, म्हणजे कोण वाजवणार ही यादी नव्हे, तर तिथे वागण्याचे नियम आधी सांगितलेत का आणि काही घडलं तर कुणाकडे जायचं हे लिहिलंय का. बऱ्याच जर्मन क्लबांत यासाठी वेगळी माणसं असतात, कुणी त्रास दिला किंवा कुणाची तब्येत बिघडली तर बघणारी. बर्लिनच्या काही क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. बाहेरून हे गूढ वाढवण्याचं तंत्र वाटतं. आत गेल्यावर कळतं की आपल्याला कुणी टिपत नाहीये हे माहीत असलं की शरीर किती वेगळं हलतं. डोळे मिटून, वेडंवाकडं, कशाचीही फिकीर न करता नाचता येतं. हे संगीत त्याचसाठी तर आहे.

नव्याने जाणाऱ्यांसाठी एवढंच: सोबत कुणीतरी ठेवा, पाणी पीत राहा, दर तासाला थोडा वेळ बाहेर बसा. आणि डीजेकडे तोंड करून उभंच राहायला हवं असं नाही. पाठ फिरवून बघा. ऐकू जास्त येतं.

---

साउंडवाला

मी स्पीकर लावण्याच्या कामात आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

टेक्नोचा अर्धा आशय चाळीस ते शंभर हर्ट्झमध्ये असतो. फोनच्या स्पीकरवर तो नाहीच. लॅपटॉपवरही नाही. म्हणजे तुम्ही संगीताच्या फक्त वरच्या कडा ऐकता आणि मग एकसुरी वाटतं. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर असते. बंद खोलीत ती भिंतींवरून परत फिरते आणि काही जागी स्वतःलाच मारते, काही जागी दुप्पट होते. भिंतीला चिकटलात तर बेस फुगलेला, खोलीच्या मधोमध कधी गायबच. पार्टीत गेल्यावर पहिली दहा मिनिटं फिरा. दोन पावलांवर वेगळं संगीत सापडतं. किक छातीवर नेमकी, शेपूट न ठेवता पडते आणि तिच्यावर शेजाऱ्याशी फार न ओरडता बोलता येतं, ती जागा धरून ठेवा. चांगल्या यंत्रणेची खूण तीच. मोठा आवाज कुणीही काढतो.

आता कान. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. हिशोब केला तर शंभर डेसिबलला मिळतात पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी शंभर डेसिबल ही सरासरीची कमाल मर्यादा सुचवली, तीसुद्धा कानांना विश्रांती मिळेल अशी शांत जागा आणि इअरप्लग उपलब्ध असावेत या अटींसह. रात्रभर नाचणार असाल तर इअरप्लग लावायलाच हवेत. फोमचे स्वस्त प्लग वरचे स्वर जास्त खातात, म्हणून सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं आणि लोक ते काढून ठेवतात. संगीतकारांसाठी फिल्टर असलेले मिळतात, ते सगळे स्वर साधारण सारखे खाली आणतात. पहिली पंधरा मिनिटं विचित्र वाटेल, मग हाय-हॅट जास्त स्वच्छ ऐकू येईल. कानात शिट्टी वाजत घरी येणं ही काही चांगल्या रात्रीची पावती नाही, ती इजा आहे. गेलेला कान परत येत नाही. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

---

केतकी_प

साउंडवाला, फोनवरच ऐकत होते. वाचनखूण साठवली.

---

दक्षिणवारा

नव्या संगीताबद्दल रातवा यांनी विचारलं होतं, ते राहूनच गेलं. डेट्रॉइट, बर्लिन, लंडन यांच्या पलीकडे बघा, खरी हालचाल तिथे आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा ग्कोम हा नाचाच्या संगीताचा प्रकार घ्या. त्यात सलग चार किका नसतातच. ठोका तुटलेला, मधे मोठी पोकळी आणि ती पोकळीच नाचायला लावते. टांझानियातल्या दार एस सलामचा सिंगेली दोनशे बीपीएमच्या वर जातो, त्यावर स्वाहिलीत भरभर म्हटलेले शब्द. युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलने तो बाहेर नेला. लिस्बनच्या प्रिन्सिपे लेबलवर अंगोला, केप व्हर्दे अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांतली मुलं वस्तीतल्या खोलीत बनवलेलं संगीत काढतात, प्रत्येक रेकॉर्डचं कव्हर हाताने रंगवलेलं. शिकागोचा फुटवर्क एकशे साठच्या आसपास, डीजे रशाद २०१४ मध्ये गेला तरी त्याचा प्रभाव अजून वाढतोच आहे. १५० बीपीएमवरून भांडणाऱ्यांनी सिंगेलीचा एक सेट ऐकावा, भांडण मिटेल.

आणि इतिहास फक्त तिकडचाच आहे असंही नाही. सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत टीआर-८०८ (तालाचं) आणि टीबी-३०३ (बेसचं) ही यंत्रं घेऊन दहा रागांचा रेकॉर्ड केला. तेव्हा तो फारसा कुणी ऐकला नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाला आणि जग चकित झालं, कारण शिकागोतल्या ॲसिड हाउसच्या (याच ३०३ च्या आवाजावर उभ्या राहिलेल्या नाचाच्या संगीताच्या) आधीच पाच वर्षं इथे ३०३ रागाच्या चलनाने फिरत होती. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. तिथल्या १९६९ ते १९७२ मधल्या टेप २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. त्यात नाचण्यासारखं फार नाही, पण पहिल्यांदाच हातात आलेल्या यंत्राशी माणसं किती मोकळेपणाने खेळत होती ते ऐकून मला भरून आलं.

---

रातवा

दक्षिणवारा, मनापासून आभार. सिंगेली आजच लावतो.

एक राहिलं होतं, पैशांचं. मिक्स फुकट ऐकले जातात हे चांगलंच आहे, पण त्यातल्या ट्रॅकवाल्यांपर्यंत बहुतेकदा काही पोचत नाही. म्हणून आवडलेल्या प्रत्येक मिक्समधला निदान एक ट्रॅक विकत घ्यावा. बँडकँप ही कलाकारांचं संगीत थेट विकणारी साइट डिजिटल विक्रीतून साधारण पंधरा टक्के कापते. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात. मी महिनाभर यादी करतो आणि तो शुक्रवार आला की घेतो. शिवाय ट्रॅकलिस्ट देणाऱ्या डीजेंना प्राधान्य द्या. यादी लपवून ठेवणारे आपलं गुपित जपत असतील, पण ज्याचं संगीत आहे त्याचं नाव सांगणं हे किमान देणं आहे.

---

तबकडी

ट्रॅकलिस्टबद्दल थोडं वेगळं मत. अजून न निघालेला ट्रॅक एखाद्याने विश्वासाने डीजेला दिलेला असतो, तेव्हा नाव न सांगणं समजू शकते. पण निघालेल्या रेकॉर्डचं नाव लपवण्याला कारण नाही. +१.

---

केतकी_प

परत आले. चांगल्या हेडफोनवर एक जुना शिकागोचा मिक्स पूर्ण ऐकला, मधे थांबवला नाही. हाय-हॅटमागे जायची युक्ती लागू पडली. साधारण अर्ध्या तासानंतर एक आवाज आला, बेससारखा पण पिळवटणारा. एकाच सुरावर ओला, चिकट, मग हळूहळू टोकदार होत जातो, किंचाळायच्या बेताला येतो आणि परत बुडतो. स्वर बदलत नाहीत, तरी तो सतत बदलत होता. ते काय आहे?

---

तबकडी

@केतकी_प, तीच टीबी-३०३. रोलँडने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती गिटारवाल्यांना सरावात बेसची साथ म्हणून काढली. त्या कामाला ती चालली नाही आणि तीनेक वर्षांत उत्पादन बंद झालं. जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली, तेव्हा शिकागोतल्या फ्यूचर या गटाच्या हाती पडली. त्यांनी लूप चालू ठेवून फिल्टरची बटणं फिरवली. तुम्ही ऐकलेला चिकट ते टोकदार प्रवास म्हणजे कटऑफ आणि रेझोनन्स ही दोन बटणं, आणि ती फिरवणारा हात. त्यांचा 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये निघाला, पण त्याआधीच डीजे रॉन हार्डी शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबमध्ये तो टेपवरून वाजवत असे. अकरा-बारा मिनिटांचा आहे, पूर्ण ऐका. नंतर लगेच चरणजित सिंगांचा रेकॉर्ड लावा. यंत्र तेच आहे, बटणं फिरवणारा हात मात्र अगदी वेगळा. कुठे ते तुम्हीच शोधा आणि इथे लिहा.